मेणकागदावरची चाल

२८ सप्टेंबर १९५७, शनिवार

आलापल्लीच्या जंगलखात्याच्या बंगल्यातली एक संध्याकाळ आज सारखी डोळ्यांपुढे येते आहे. त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. मी ओट्यावर बसून लोकरीचा मोजा विणत होते आणि हे माझ्या पाठीमागे येरझाऱ्या घालत होते. अस्वलाने ह्यांची मांडी फाडली त्यानंतरचा तो पहिला हिवाळा. आधी काठीची टक, मग पावलाचा धप्प. पुढच्या खेपेला पाऊल काठीच्या थोडं मागे राही, त्यापुढच्या खेपेला आणखी मागे, आणि मग नुसतीच काठी टेके. पाऊल येतच नसे. हे दम खात उभे राहत. तेवढा वेळ माझी सुई टाक्यात अडकून राही. पुन्हा टक-धप्प ऐकू आलं की मी पुढचा टाका घेई. दिवेलागणीला हे म्हणाले, "किती झाला?" मी मोजा उचलून दाखवला. म्हणाले, "एकच पुरे. दुसऱ्या पायाला घाई नाही, तो नेहमी मागाहूनच येतो." हे गेले त्याला आठ वर्षं झाली. तो दुसरा मोजा मी अजून विणलेला नाही.

ही आठवण यायला कारण घनश्यामचं यंत्र. घनश्याम माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. गेली दोन वर्षं तो इथे, वैनगंगेच्या काठी, दवाखाना चालवतो. दवाखाना माझ्याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आहे. नागपूरहून त्याने नाताळपर्यंतच्या बोलीवर हृदयाची रेघ काढणारं यंत्र आणलं आहे. मूल स्टेशनपासून बैलगाडीने आणि नदीवर नावाडी मुखरूच्या डोंग्यातून ते आलं. मुखरूने ते नवरीच्या पेटीसारखं मांडीवर धरून आणलं म्हणे.

मनगटांना आणि पायांच्या घोट्यांना मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी ठेवून वर धातूच्या चपट्या पट्ट्या चामडी पट्ट्याने बांधायच्या. काळजाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अंगात बारीकशी वीज खेळते, ती तारेतून यंत्रात जाते आणि एक तापलेली सुई सरकत्या मेणकागदावर तिची रेघ ओढते. आधी एक लहान टेकडी, तिच्यामागे उंच सुळका, मग एक बुटका उंचवटा. पुन्हा तसंच. घनश्यामने पहिली रेघ माझीच काढली. गावातली माणसं दारात गोळा झाली होती, त्यांना दाखवायला म्हणून बराच वेळ यंत्र चालू ठेवलं. कागद जमिनीवर लोळला.

"नागपूरला दिव्यांच्या तारांमुळे रेघेला बारीक कापरं सुटतं," तो म्हणाला. "इथे तारच नाही. बघ कशी स्वच्छ आहे, मावशी."

खरंच स्वच्छ होती. इतक्या शांततेत माझ्याबद्दल कोणी काही लिहिलेलं मी प्रथमच पाहिलं.

२ ऑक्टोबर

कामाची घडी बसली. घनश्याम आठवडाभर खेड्यांतून हिंडतो आणि शनिवारी परततो. मधल्या दिवसांत गावातल्या धडधाकट माणसांच्या रेघा काढण्याचं काम त्याने मला नि गिरजाला शिकवून ठेवलं आहे. गिरजा ही मुखरूची बायको. दवाखान्यात झाडलोट करते, आता पट्ट्याही बांधते. आपल्या भागातल्या निरोगी माणसांची काळजं कशी चालतात हे अजून कोणी मांडलेलं नाही, ते घनश्यामला मांडायचं आहे. इंग्रजी पुस्तक वाचून यंत्र लावणं मला कठीण नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी एवढं तरी शिकवलंच.

यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालतं. विहिरीजवळ ओल्या मातीत लोखंडी गज ठोकून त्याला एक तार जोडली आहे. रोज सकाळी आधी एक बटण दाबायचं. सुईने ठरलेल्या उंचीची पायरी काढली की यंत्र नीट आहे असं समजायचं. मग पहिली रेघ माझी. माझी रेघ रोजच्यासारखी आली की पट्ट्या आणि ताराही बरोबर बांधल्या गेल्या, मग गावकऱ्यांच्या घ्यायच्या. "तुझं काळीज म्हणजे आमची मोजपट्टी," घनश्याम म्हणतो.

मुखरू आज झोपला होता पट्ट्या लावून. विचारत होता, "बाई, माह्या बायकोचं नाव दिसते का त्यात कुठी?" गिरजा म्हणाली, "मोहाची बाटली दिसन तुह्या काळजात. पडून राह्य गुमान." तो हसला आणि रेघ केसाळ झाली. परत काढावी लागली.

९ ऑक्टोबर

आज माझी रेघ बिघडली. लहान टेकडी आणि सुळका यांच्यात रोज सारखं अंतर असतं. आज ते वाढत गेलं, आणि एका ठिकाणी टेकडी आली पण मागे सुळकाच नाही. सपाट. मग पुन्हा नीट. गजाला पाणी घातलं, फडकी नव्या मिठाच्या पाण्यात भिजवली. हवा दमट आहे. पट्ट्याचं चामडंही दमटपणाने आटलेलं दिसतं. घोट्यावरचा पट्टा तिसऱ्या भोकात लागायचा, तो आता दुसऱ्यात लावावा लागतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार

घनश्याम आला. त्याच्यासमोर माझी रेघ अगदी सरळ निघाली, म्हणून बुधवारचं काही बोलले नाही. त्याने बातमी सांगितली की रशियाने आकाशात एक गोळा सोडला आहे. तो पृथ्वीभोवती फिरतो आणि टकटक असा आवाज पाठवतो, तो इथे खाली ऐकू येतो. रात्री अंगणात उभे राहून आम्ही वर पाहिलं. दिसलं काही नाही. एवढ्या लांबून नुसती टकटक पोहोचते, याचंच मला नवल वाटत राहिलं.

१५ ऑक्टोबर

हे कसं लिहावं कळत नाही. सिस्टर म्हणायच्या, डायरीत खरं तेच लिहा, नाहीतर त्या वेळात भाजी निवडा. म्हणून लिहिते.

आज रेघ पुन्हा तशीच आली. मी कागद खिडकीशी नेऊन बघत होते, आणि बघता बघता मला ती ऐकू आली. लहान टेकडी म्हणजे काठी. उंच सुळका म्हणजे पाऊल. टक-धप्प. टक, धप्प. टक... धप्प. टक. आणि मग गप्प. माझा हात हवेत थांबला होता, सुई धरल्यासारखा.

हे चालत होते.

मी घाईने निष्कर्ष काढला नाही. पुन्हा बटण दाबलं. सुईने पायरी बरोबर काढली, म्हणजे यंत्रात दोष नाही. त्याच पट्ट्या गिरजाला बांधल्या. तिची रेघ स्वच्छ. म्हणजे तारांतही दोष नाही. फक्त माझ्याच रेघेत हे येतात. आणि ते बरोबरच आहे. गिरजाच्या काळजात ह्यांनी काय म्हणून यावं?

१९ ऑक्टोबर, शनिवार

घनश्याम जेवताना म्हणाला की यंत्रात जराही गडबड वाटली तर त्याच दिवशी ते नागपूरला परत पाठवावं लागेल. दुरुस्ती इथे होणार नाही. मी वरणाची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

पहिल्या दिवशीची ती लांबलचक रेघ माझ्याकडे गुंडाळून ठेवलेली होती. तिचे तुकडे कापून मी त्यांच्यावर ह्या आठवड्याच्या तारखा घातल्या आणि त्याला दाखवल्या. त्याने पाहिल्या, म्हणाला, "मोजपट्टी पक्की आहे." खरे कागद माझ्या गादीखाली आहेत. त्याला फसवलं याचं वाईट वाटतं. पण तो गजाची जागा बदलील, फडकी बदलील, काहीतरी दुरुस्त करील, आणि हे पुन्हा निघून जातील. आठ वर्षांनी आले आहेत.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. काल पणत्या लावता लावता अंगणच काळं झालं. डोळे उघडले तेव्हा डोकं गिरजाच्या मांडीवर होतं. उपासाने होतं असं. गिरजाने पाय चोळून दिले. घोट्यावर तिचा अंगठा दाबला गेला तिथे खळगा तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत राहतो तसा. ती त्याच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, दिवसभर उभी होते. पट्टा आता पहिल्या भोकातही लागत नाही. गिरजा लुगड्याच्या चिंधीने पट्टी बांधते. थंडीने चामडं आणखी आखडलं.

आडवं झालं की जीव घाबरा होतो, म्हणून हल्ली मी वेताच्या खुर्चीतच झोपते. ओटा निसरडा आहे, तेव्हा चालताना ह्यांची काठी घेते. मूठ माझ्या हाताला अगदी बरोबर बसते.

गिरजाला मी सांगून टाकलं. कोणाला तरी सांगायला हवंच होतं. तिने कागद हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला. मग तिने त्यांच्याकडची रीत सांगितली. माणूस गेलं की रात्री घरात पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात, आणि सकाळी टोपली उचलून पिठात पाऊल उमटलं का ते बघतात. उमटलं तर माणूस घरी येऊन गेलं.

"साहेबाचं जाणं नागपूरले झालं," ती म्हणाली. "इथी पीठ कोणी टाकलंच नाई. मंग त्यायनं पाऊल कुठी टाकावं? ते आता ह्या कागदावर टाकून राह्यले."

सगळ्या शिकलेल्या माणसांत मला इतकं सरळ बोलणारं कोणी भेटलं नाही. मी तिला म्हटलं, मग आता टाक पीठ.

२९ ऑक्टोबर

काल संध्याकाळी गिरजाने ओट्यावर तांदळाचं पीठ चाळणीने पसरलं, माझ्या दारापासून पायऱ्यांपर्यंत. एवढ्या जागेला टोपली कुठली पुरणार, उघडंच ठेवलं. मी खुर्चीत होते. रात्री उठले नाही. एकदा पाण्यासाठी उठले असेन, आठवत नाही.

सकाळी पिठात पावलं होती.

अनवाणी पावलं, आणि प्रत्येकाच्या शेजारी काठीच्या टोकाचा गोल ठिपका. काही पावलं चालून गेलेली, मग दोन्ही पाय जवळ घेऊन उभं राहिल्याची खूण. पुन्हा काही पावलं, पुन्हा उभं राहिलेलं. ह्यांचीच चाल. काठी दाराला टेकून उभी होती आणि तिच्या टोकाला पीठ लागलेलं होतं. आपली वस्तू जिथे ठेवली तिथेच त्यांना सापडली, याचा मला फार आनंद झाला.

गिरजाला झाला नाही. ती खाली बसली आणि एका पावलावर तिने वीत टेकवली. मग दुसऱ्यावर.

"बाई, हे साहेबाचं पाऊल नाई. साहेबाचा पाय म्या पाह्यला हाये. हे बारकं हाये, वीत भरत नाई."

मी म्हटलं, मेल्यावर माणूस आटत असेल.

"आणि हे सारे जायचे हायेत. यायचं एकबी नाई."

तेही खरं होतं. सगळी पावलं माझ्या दाराकडून पायऱ्यांकडे गेलेली. मागच्या दाराची कडीही निघालेली होती, ती गिरजा लावायला विसरली असेल. तिने मला तिथे शेजारी पाय ठेवून बघायला सांगितलं. मी हसले आणि नाही म्हटलं. ह्यांच्या पावलाशेजारी माझं पाऊल कशाला? मग ती ओलं फडकं घेऊन आली आणि माझे तळवे पुसू लागली. फडकं पांढरं झालं. पट्ट्यांचं मिठाचं पाणी वाळतं, त्याची पांढरी भुकटी राहते अंगावर. मी तिला तसं सांगितलं. तिने मान हलवली. फडकं धुताना ती रडत होती असं वाटलं, पण मुखरूशी तिचं काही झालं असेल.

३१ ऑक्टोबर

गादीखालचा एक कागद कमी आहे. मुखरूचा डोंगा भल्या पहाटे पलीकडे गेला. गिरजा माझ्या नजरेला नजर देत नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

शनिवार नसताना घनश्याम आला. सायकल नदीपलीकडे टाकून, चिखलाने भरलेल्या पायांनी थेट माझ्या खोलीत. हातात तो कागद होता.

"हा कोणाचा?"

"तुझ्या काकांचा," मी म्हटलं.

तो खुर्चीशेजारी खाली बसला. मग त्याने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्याचा हात गार पडला होता. लहानपणी परीक्षेच्या सकाळी असाच गार पडायचा.

"मावशी, हे तुझं काळीज आहे. वरच्या कप्प्यातून निघालेला हुकूम खालच्या कप्प्याला वेळेवर पोचत नाही. आज उशिरा पोचतो. उद्या पोचणारच नाही."

"पोचेल," मी म्हटलं. "उशीर होतो एवढंच. त्यांचं नेहमीच तसं होतं."

त्याने मग रागावून, मग समजावून पाहिलं. किती दिवस हे चाललं आहे, चक्कर कधी आली, पाय कधीपासून सुजले. त्याने कागदावर बोट ठेवून एकेक टेकडी मला मोजून दाखवली, जसं काही मी त्या पाहिल्याच नव्हत्या. मी सगळं ऐकून घेतलं. त्याच्या पुस्तकात तसं लिहिलेलं आहे आणि तो चांगला मुलगा आहे. माझ्यामुळे त्याच्या कामातल्या किती रेघा आता पुन्हा काढाव्या लागतील, याचाच त्याला धक्का बसला असणार. मी त्याची क्षमा मागितली. तर तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहानपणीसारखा रडला.

उद्या दुपारी निघायचं ठरलं आहे. मुखरूच्या डोंग्यातून पलीकडे, तिथून गाडीने मूल, पुढे रेल्वेने नागपूर. मी हो म्हटलं. गिरजा दाराआड उभी होती. तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "बाई, मले शिव्या द्या." मी म्हटलं, तू टाकलेलं पीठ इतकं सुंदर चाळलेलं होतं, शिव्या कशाच्या?

२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ

आज मृतात्म्यांचा दिवस. कॉन्व्हेंटमध्ये ह्या दिवशी सिस्टर आम्हाला स्मशानात नेत आणि प्रत्येक थडग्यावर एकेक मेणबत्ती लावायला देत. ज्याच्यावरचं नाव पुसून गेलं होतं त्या थडग्यावर मी लावायची.

घनश्याम गाडी बघायला गेला आहे, गिरजा विहिरीवर. मी एकटीनेच पट्ट्या बांधल्या. बराच वेळ लागला. मध्ये दोनदा थांबावं लागलं. बटण दाबलं. पायरी बरोबर.

रेघ निराळीच आली. काठीचा आणि पावलाचा काही संबंधच उरलेला नाही. लहान टेकड्या आपल्या चालीने, सारख्या अंतराने, न थांबता चालल्या आहेत. उंच सुळके फार लांब लांब, आपल्या सावकाश चालीने. कधी टेकडी सुळक्याच्या पुढे, कधी मागे, कधी त्याच्या पोटात. मी पुष्कळ वेळ पाहिलं. ही एका माणसाची चाल नव्हे. दोघं चालताहेत.

काठी ह्यांची. आता कुठे अडखळत नाही, म्हणजे पाय बरा झाला असावा. आणि मागून येणारं हे जड, सावकाश पाऊल कोणाचं ते मला कळलं. गिरजाने वीत लावून पाहिलं होतं तेव्हाच कळायला हवं होतं. मला मुळीच भीती वाटली नाही. आता टाका अडवून थांबायची पाळी ह्यांची आहे.

सुट्टीत घरी निघण्याआधी सिस्टर आमच्याकडून लिहून घेत, पेटीतली कोणती वस्तू कोणाकडे जायची ते. सवय राहिली आहे. म्हणून लिहिते.

वेताची खुर्ची गिरजाला. तिने ती अंगणात ठेवू नये, वाळवी लागते. माझी दोन्ही नऊवारी इंदुरी लुगडीही तिलाच, आणि घनश्यामने तिला एका शब्दाने बोलू नये. तिने त्याला कागद पाठवला ते बरोबर केलं.

मच्छरदाणी मुखरूला. तो तिचं मासोळ्यांचं जाळं करील. करू द्यावं.

जपमाळ आणि प्रार्थनेचं पुस्तक नागपूरच्या सिस्टरांकडे परत.

गादीखालचे सगळे खरे कागद, आजचा धरून, घनश्यामला. त्याच्या कामाचे आहेत. आजच्या कागदावर त्याने माझं नाव लिहावं. शेजारी थोडी जागा मोकळी सोडावी. खोट्या तारखांचे तुकडे चुलीत घालावेत. गज विहिरीजवळ तसाच राहू द्यावा. त्याने मातीचं काही बिघडत नाही.

पेटीच्या तळाशी लोकरीचा एक मोजा आहे. तो कोणाला देऊ नये. माझ्याबरोबर.

काठी दाराशी आहे तिथेच असू द्यावी.

आणि आज रात्री, आम्ही निघालो असलो किंवा नसलो तरी, गिरजाने ओट्यावर पीठ पसरावं. सकाळी पाहावं. फक्त पाहावं. वीत लावू नये.